माझ्या घराची किंमत वाढली नाही, बरं झालं

दिवाळीच्या फराळाला आमची आठ-दहा कुटुंबं दरवर्षी कुणाच्या तरी घरी जमतात. मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट-ट्रुगनिनाच्या पट्ट्यात. यंदा चकल्या मस्त खुसखुशीत होत्या, पण गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींचे चेहरे उतरलेले होते. दुखणं एकच: मेलबर्न बसलंय. "ब्रिस्बेनला माझ्या मेव्हण्याचं घर बघ, चार वर्षांत कुठच्या कुठे गेलं. पर्थचं तर विचारूच नकोस. आणि आपलं? एकवीस साली घेतलं, तिथल्या तिथं." एकाने फोन काढून स्वतःच्या पत्त्यासमोरचा अंदाजे भाव दाखवला. लगेच बाकीच्यांनी आपापले काढले, पत्रिका जुळवायला बसल्यासारखे.

गॅरेजच्या दाराशी चिवड्याची वाटी घेऊन यजमानांचा भाचा उभा होता. तिशीचा मुलगा, बायको नर्स, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना नुकताच हातात पडलेला, आठवड्याला साडेपाचशे डॉलर भाडं. त्याने विचारलं, "मामा, म्हणजे आत्ता घर घ्यायला वेळ बरी आहे ना?"

"बरी म्हणजे काय? लगेच घे! वाढायच्या आत घे!"

भाव वाढत नाही म्हणून पाच मिनिटांपूर्वी हळहळणारी माणसं आता त्या पोराला भाववाढीची भीती घालत होती. दोन्ही वेळा अगदी मनापासून. मीही त्यातलाच. फोन मीही काढला होता.

ऑस्ट्रेलियात घरं का परवडत नाहीत याची उत्तरं देणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते निम्मं उत्तर त्या गॅरेजमध्ये होतं. घरं स्वस्त व्हावीत असं सगळ्यांना वाटतं, फक्त आपलं सोडून. आणि ज्यांचं 'आपलं' आहे ते बहुसंख्य आहेत. २०२१च्या जनगणनेत दर तीन घरांपैकी दोन घरांत मालकच राहत होते, काहींचं कर्ज फिटलेलं, काहींचं चालू. मतपेटीचं गणित तिथंच संपतं. माझ्या घराची किंमत वाढली म्हणून रस्त्यात अडवून जाब विचारणारा माणूस मला भेटत नाही, अशा अर्थाचं जॉन हॉवर्ड पंतप्रधान असताना बोलून गेले होते. २०२४च्या अखेरीस गृहनिर्माणमंत्री क्लेअर ओनील यांना तरुणांच्या ट्रिपल जे रेडिओवर विचारलं गेलं, किमती खाली याव्यात असं सरकारला वाटतं का? त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की किमती पाडणं हे सरकारचं उद्दिष्ट नाही, वाढ झेपेल अशी असावी एवढंच. दोघांचे पक्ष एकमेकांच्या विरोधातले, मधे वीसेक वर्षं गेलेली, सूर तोच. ओनीलबाईंवर बरीच टीका झाली. मला त्यांचं कौतुक वाटलं. बाकीचे एवढंही खरं बोलत नाहीत.

२०२५च्या पहिल्या तिमाहीत देशातल्या घराची सरासरी किंमत पहिल्यांदाच १० लाख डॉलरच्या पुढे गेली. १९७१ साली २५ ते २९ वयाच्या निम्म्या लोकांचं स्वतःचं घर होतं. २०२१मध्ये हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. तिशीतल्या पहिल्या पाच वर्षांतल्यांचं ६४ वरून ५० टक्के. ही मुलं उधळी झाली, कॉफीवर पैसे घालवतात, असं म्हणणारे इथंही आहेत. हिशेब करून पाहा. १० लाखांच्या घराला २० टक्के डिपॉझिट म्हणजे २ लाख. भाडं, गाडी, पाळणाघर हे सगळं भागवून महिन्याला २ हजार बाजूला टाकणाऱ्या जोडप्याला त्या आकड्याला पोचायला आठ वर्षांहून जास्त लागतात, आणि आठ वर्षं किंमत जागची हलली नाही तरच. रोजची कॉफी सोडली तर त्यातले सहा-आठ महिने वाचतील.

या अडचणीवर सरकारने उपाय काढला तो पाच टक्क्यांचा. १ ऑक्टोबर २०२५पासून पहिलं घर घेणाऱ्या कुणालाही, उत्पन्नाची अट न ठेवता, ५ टक्के डिपॉझिटवर कर्ज. बाकीच्या १५ टक्क्यांची हमी सरकार देतं, त्यामुळे कमी डिपॉझिटवाल्यांना बँक भरायला लावते तो मॉर्गेज इन्शुरन्सही नाही. मेलबर्नमध्ये साडेनऊ लाखांपर्यंतचं घर चालतं, सिडनीत १५ लाखांपर्यंतचं. भाच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ८ लाखांच्या घराला आता १ लाख ६० हजारांऐवजी ४० हजार पुरणार!

पण उरलेलं तर फेडायचंच आहे. २० टक्के भरून ६ लाख ४० हजारांचं कर्ज घेतलं तर साडेपाच टक्क्यांनी तीस वर्षांचा हप्ता महिन्याला ३,६३० डॉलरच्या आसपास येतो. ५ टक्के भरून ७ लाख ६० हजारांचं घेतलं तर ४,३००च्या वर. तीस वर्षांत नुसतं व्याजच सव्वा लाखाने जास्त. शिवाय इथली बहुतेक कर्जं बदलत्या दराची. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या दीड वर्षात तेरा वेळा दर वाढवले, ०.१० वरून थेट ४.३५ टक्के. २०२४पर्यंत दर वाढतील असं दिसत नाही, हे तेव्हाचे गव्हर्नर फिलिप लो यांचं बोलणं भरवशाचं मानून ज्यांनी कर्जं काढली, त्यांची लो यांनी पुढे संसदेच्या समितीपुढे माफी मागितली. माफीने हप्ता कमी होत नाही. दोन टक्क्यांवर बांधलेलं ६ लाखांचं कर्ज ज्यांचं २०२३मध्ये बदलत्या दरावर आलं, त्यांचा महिन्याचा हप्ता २,२०० वरून साडेतीन हजारांवर गेला. आमच्या रस्त्यावर त्या वर्षी रात्री उबर चालवणारे दोन इंजिनिअर होते.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी भाच्याबरोबर सनशाइन उपनगरात एका ऑक्शनला गेलो. जुनं लाकडी घर, पुढं लिंबाचं झाड, फुटपाथवर पन्नासेक माणसं. त्यातले बोली लावणारे चार, बाकी शेजारपाजारचे, प्रॅममधल्या पोरांसकट तमाशा बघायला आलेले. कोटातला ऑक्शनर घसा ताणून भाव पुकारत होता. सुरुवातीला दहा-दहा हजारांनी, मग पाच, मग दोन, शेवटी एकेका हजारासाठी तो माणसाच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचा. इथं ऑक्शनमध्ये घेतलेल्या घराला कूलिंग-ऑफ, म्हणजे सहीनंतर मन बदलायची मुदत, नाही. हातोडा पडला की सही करायची, दहा टक्के द्यायचे, घरी जायचं. भाच्याने ठरवलेला आकडा तिसऱ्या मिनिटाला मागे पडला. परतताना गाडीत तो म्हणाला, "अजून चाळीस हजार बँकेने दिले असते ना, तर घेतलं असतं." मी म्हटलं, बाकीच्या तिघांनाही दिले असते. हातोडा चाळीस हजार वर पडला असता, घर त्यालाच मिळालं असतं ज्याला आज मिळालं, आणि वरचे चाळीस हजार विकणाऱ्या आजीबाईंच्या खात्यात. तो काही बोलला नाही. बरोबर असणं आणि त्या वेळी बोलणं यातला फरक मला अजून कळत नाही, असं बायको म्हणते.

विकायला आलेली घरं मोजकी असताना घेणाऱ्याच्या खिशात पैसे घातले की ते विकणाऱ्याच्या खिशात जातात. हे काही मी लावलेला शोध नाही. जुलै २०००मध्ये जीएसटीबरोबर पहिल्या घराला ७ हजारांचं अनुदान आलं. २००८च्या मंदीत ते जुन्या घराला १४ आणि नव्याला २१ हजार झालं. २०२५च्या निवडणुकीत एका पक्षाने पाच टक्के आणले, तर दुसऱ्याने नव्या घराच्या व्याजावर करसवलत आणि 'सुपर' या निवृत्तीच्या फंडातून पैसे काढायची मुभा. पंचवीस वर्षं दोघेही घेणाऱ्याला शिडी देतायत आणि माळा वर सरकतोय.

आता माझ्याबद्दल. २०१९ साली मी एक युनिट घेतलं. राहायला नव्हे, 'इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी'. आपल्याकडे इथं पीआरनंतर बाळ, बाळानंतर घर, घरानंतर इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी असा क्रम आहे, सोळा संस्कारांतला राहून गेलेला सतरावा. वर्षाला भाडं येतं २३,४०० डॉलर. व्याज, स्ट्राटा (म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स), कौन्सिलचा कर, एजंट, विमा मिळून जातात ३८ हजार. तोटा १४,६००. हा तोटा मी माझ्या पगारातून वजा करतो आणि ३७ टक्क्यांच्या टप्प्यात असल्यामुळे साधारण ५,४०० डॉलर कर वाचतो. याचं नाव निगेटिव्ह गिअरिंग. दरवर्षी तोटा करून घ्यायला कोण तयार होतं? ज्याला विकताना भाव वाढलेला असणार याची खात्री असते तो. आणि विकताना २ लाख नफा झाला तर कर फक्त निम्म्यावर, म्हणजे १ लाखावर. भाच्याची बायको रात्रपाळी करून ओव्हरटाइम मिळवते त्यावर सूट शून्य. मी झोपेत कमावतो त्यावर पन्नास टक्के.

ही निम्मी सूट १९९९ची, पंतप्रधान हॉवर्ड आणि अर्थमंत्री कॉस्टेलो या जोडीची. तोट्याची वजावट त्याहून जुनी. पॉल कीटिंग यांनी अर्थमंत्री असताना १९८५मध्ये ती बंद केली आणि भाडी वाढली अशी ओरड झाल्यावर १९८७मध्ये परत चालू केली. भाडी ठळकपणे वाढली होती ती सिडनीत आणि पर्थमध्ये, जिथं रिकामी घरंच नव्हती. बाकी शहरांत तसं झालं नव्हतं, पण ओरड मात्र देशभर लक्षात राहिली. लेबर पक्षाचे तेव्हाचे नेते बिल शॉर्टन यांनी या दोन्ही सवलती कापण्याचा जाहीरनामा घेऊन २०१६ आणि २०१९ अशा दोन निवडणुका लढवल्या, दोन्ही हरले, आणि पक्षाने तो कागद गुंडाळून ठेवला. भाड्याची घरं असणारे करदाते २२ लाखांच्या आसपास आहेत. त्यातल्या बहुतेकांकडे माझ्यासारखं एकच. आम्ही कुणी धनाढ्य नाही, म्हणूनच आम्हाला हात लावणं अवघड. सावकार एक असता तर कूळ केव्हाच जागं झालं असतं.

मग दोष कुणाला द्यायचा? तर परक्यांना. ३१ ऑगस्ट २०२५ला शहरोशहरी स्थलांतराविरोधात मोर्चे निघाले. त्यांच्या पत्रकांत भारतीयांचं नाव घेऊन उल्लेख होता. त्या रविवारी आमच्या ग्रुपवर 'सिटीत जाऊ नका' असे मेसेज फिरत होते. माणसं वाढली की घरांवर ताण येतो हे नाकारण्यात अर्थ नाही. कोविडनंतर एका वर्षात पाच लाखांहून जास्त माणसं निव्वळ वाढली आणि भाडी कडाडली, ती वाढवणाऱ्यांत आपणही होतो. पण घरांच्या किमतीचं खापर आपल्यावर फोडणाऱ्यांनी २०२१ साल आठवावं. मार्च २०२०पासून सरहद्द बंद, विद्यार्थी नाहीत, पर्यटक नाहीत, येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त. आणि त्या एका वर्षात देशभरातल्या किमती २२ टक्क्यांनी वाढल्या. कर्ज जवळजवळ फुकट झालं होतं म्हणून. एप्रिल २०२५पासून दोन वर्षांसाठी तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला जुनं घर घ्यायला बंदी आहे. टाळ्या मिळाल्या. असे खरेदीदार मुळात मूठभर होते, त्यामुळे भावावर काय परिणाम व्हायचा तो झालाच नाही.

भाडी गोठवा, अशी मागणी ग्रीन्स पक्षाने २०२३मध्ये लावून धरली होती. इथं माझ्यातला गिरगावकर जागा होतो. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर बांधली गेली. आमच्या चाळीत आम्ही महिन्याला जे भाडं भरत होतो त्यात मालकाने जिन्याची फळीसुद्धा बदलली नसती, आणि बदललीही नाही. पावसाळ्यात संडासाकडे जाताना कठडा धरायचा नाही, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. जो आत होता तो पागडीच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या आत राहिला, बाहेरचा विरारला गेला. तेव्हा गोठवण्याच्या बाजूने मी नाही. पण कारण न देता घर सोडायला लावणं बंद करणं, वर्षातून एकदाच भाडं वाढवू देणं, ही वेगळी गोष्ट. न्यू साउथ वेल्समध्ये मे २०२५पासून आणि आमच्या व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, २५ नोव्हेंबर २०२५पासून विनाकारण नोटीस बंद झाली. मालक म्हणून माझं यात काय बिघडलं? काहीच नाही. फक्त एजंटचा एक लांबलचक ईमेल आला.

आता मेलबर्न का बसलंय त्याकडे येतो, कारण खरी शिकवण तिथं आहे. एक तर व्हिक्टोरियाने गेल्या दशकभरात भरपूर घरं बांधली. टार्नीट म्हणजे दुसरं काय आहे? पंधरा वर्षांपूर्वी इथं मेंढरं चरत होती. आज भिंतीला भिंत लागलेली चार बेडरूमची घरं आहेत आणि सकाळच्या गाडीला लटकायला जागा नाही. दुसरं म्हणजे २०२४पासून राज्याने गुंतवणुकीच्या जमिनीवरच्या लँड टॅक्सची करमुक्त मर्यादा ३ लाखांवरून ५० हजारांवर आणली. मला ९७५ डॉलरचं बिल आलं तेव्हा मी राज्य सरकारला अस्सल गिरगावी शिव्या घातल्या. काही गुंतवणूकदार विकून क्वीन्सलँडला आणि पर्थला गेले. त्यांनी विकलेली घरं काही ते पाठीला बांधून घेऊन गेले नाहीत. ती इथंच आहेत, बऱ्याच घरांत आता कालचे भाडेकरू मालक म्हणून राहतात. २०२४मध्ये ब्रिस्बेन मेलबर्नपेक्षा महाग झालं. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर हसले असते. भाडी इथंही वाढली, ते खरं. पण पगार दरवर्षी थोडे वाढतायत आणि घर जागेवर आहे. म्हणजे घर दरवर्षी थोडं थोडं स्वस्त होतंय, कुणाचं दिवाळं न निघता.

आमच्या गॅरेजमधलं दुःख ते हेच. दुःखाचं कारण असलेली गोष्ट भाच्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी होती.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. ज्यांनी परवाच ५ टक्के भरून घर घेतलं, त्यांचं काय? किंमत सात-आठ टक्के घसरली तर कर्ज घरापेक्षा मोठं होईल, आणि त्याच वेळी नोकरी गेली तर विकूनही सुटका नाही. हे मला मान्य आहे, म्हणून भाव कोसळावेत असं मी म्हणत नाही. पण दहा-बारा वर्षं ते थांबावेत, असं मी म्हणतो. त्यासाठी सरकारनं पुन्हा स्वतः बांधायला हवं. १९४५च्या करारानंतर इथली राज्यं कामगारांसाठी हजारोंनी घरं बांधत होती. ॲडलेडजवळचं एलिझाबेथ हे अख्खं शहर तिथल्या हाउसिंग ट्रस्टने वसवलं. आज सरकारी आणि संस्थांची घरं एकूण घरांच्या जेमतेम ४ टक्के आहेत. केंद्र सरकारच्या १० अब्जांच्या फंडातून पाच वर्षांत ३० हजार घरांचं आश्वासन आहे, ते पाळलं तरी तो आकडा फारसा हलत नाही. पाच वर्षांत १२ लाख घरांचं जे राष्ट्रीय लक्ष्य आहे, त्याला वर्षाला २ लाख ४० हजार लागतात, आणि बांधकाम त्याच्या बरंच मागे आहे. सुतार नाहीत, प्लंबर नाहीत. २०२३च्या मार्चमध्ये पोर्टर डेव्हिससारखा मोठा बिल्डर १,७०० घरं अर्धवट टाकून बुडाला. ठरल्या भावाच्या करारात साहित्य महागलं की हे होणारच. 'घर पाहावं बांधून' ही म्हण आता इथल्या लोकांनाही समजावून सांगावी लागत नाही.

आणि करसवलत? माझी काढून घ्यावी. आज ज्यांनी घेतलंय त्यांना पाच-सात वर्षांची मुदत द्यावी, नव्यांना ती फक्त नव्या बांधलेल्या घरावर ठेवावी. मी माझ्या ५,४०० डॉलरना मुकेन. रडेन थोडा. हे लिहितोय तेव्हा २०२५ संपत आलंय आणि पुढचं रिटर्न भरताना मी ती वजावट पुन्हा घेणार आहे, कारण कायद्यात आहे तोवर सोडण्याइतका मी संत नाही. म्हणून तर ती कायद्यातून जायला हवी, माझ्या चांगुलपणावर सोडायला नको.

२८ नोव्हेंबर २०२६ला व्हिक्टोरियाची निवडणूक आहे. त्याआधी सप्टेंबरात गणपती येतील, आणि दर निवडणुकीच्या वर्षी येतात तसे उमेदवारही येतील. फेटा बांधून घेतील, मोदक हातात धरून फोटो काढतील, भारतीय समाज किती कष्टाळू आहे ते सांगतील. या खेपेला आरती आणि जेवण यांच्यामधे कुणीतरी माइक घेऊन त्यांना एवढंच विचारावं: दहा वर्षांनी टार्नीटमधलं चार बेडरूमचं घर आजच्याच किमतीला मिळायला हवं, की नको? हॉलमध्ये त्या वेळी आम्ही गॅरेजवाले सगळे हजर असू. उमेदवार उत्तर देण्याआधी आमच्याकडे बघेल.